डेडलिफ्ट अडली होती मुठीत

डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं. मालवणच्या दमट हवेत १४० किलोचा बार गुडघ्यापर्यंत यायचा आणि बोटं उघडायची. पाय, कंबर ठीक. दगा द्यायची ती मूठ. शिवाय बार पायांपासून पुढे सरकायचा, म्हणजे लॅट्सही (पाठीच्या बाजूचे स्नायू) ढिले.

रो (वजन अंगाकडे ओढायचा पाठीचा व्यायाम) मी करायचो, पण केबल मशीनवर आणि तोही स्ट्रॅप (मनगट बारला बांधणारे पट्टे) बांधून. मग पकड सुधारणार कुठून! स्ट्रॅप बॅगेत टाकले. गुरुवारी पेंडले रो सुरू केला (अमेरिकन वेटलिफ्टिंग प्रशिक्षक ग्लेन पेंडले यांच्या नावाचा): ६० किलो, ५ चे ५ सेट, धड जमिनीला समांतर, दर रेपला (प्रत्येक ओढीला) बार जमिनीवर पूर्ण टेकवायचा. कंबरेने झटका द्यावा लागला की वजन उतरवायचं. त्यानंतर एकहाती डंबेल रो, ३२ किलो, १५ ते २० रेप्स. खरी मूठ इथेच घडली. शेवटच्या चार-पाच रेप्सना पंजा नुसता पेटतो. कंबर थकलेली असेल त्या आठवड्यात बाकावर छाती टेकवून रो.

पावसात चॉक (हाताचा घाम शोषणारी पांढरी पावडर) मात्र लागतोच. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्या शेजारच्या आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "आमका खंय पावडर लागता रे?"

तीन महिन्यांनी १४० चे ३ रेप्स गेले, स्ट्रॅपशिवाय.