लॅबमधून काउंटरवर येताना

परदेशात ऑप्टिकल लॅबमध्ये काम मिळालंय, हात बसलाय आणि आता ऑप्टिशियन (काउंटरवर माप घेऊन चष्मा बसवून देणारा) व्हायचं मनात आहे, तर आधी तुम्ही राहता तिथले नियम विचारा. ब्रिटनमध्ये डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन म्हणवून घ्यायला जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते. कॅनडात प्रांताप्रांताची नियामक संस्था वेगळी. अमेरिकेत काही राज्यांत लायसन्स सक्तीचं आहे, काहींत नाही. पण सक्ती नसली तरी चष्म्यासाठी एबीओ आणि कॉन्टॅक्ट लेन्ससाठी एनसीएलई या परीक्षा दिलेल्या असल्या की नोकरी मागताना वजन पडतं. ओळखीच्या माणसाने सांगितलं म्हणून विसंबू नका. मी विसंबलो आणि वर्ष हातचं गेलं. जुन्या नोकरीचं पत्र घेताना त्यात सरफेसिंग (काच घासून नंबर आणणं), एजिंग (काच फ्रेमच्या आकारात कापणं), टिंटिंग (रंग देणं), अंतिम तपासणी असं एकेक काम आणि त्याचा काळ लिहून घ्या. नुसतं ‘टेक्निशियन होते’ लिहिलेल्या पत्रातून तुमचं काम कोणालाच कळत नाही.

अभ्यासाला घाबरू नका. अर्धा अभ्यास तुमच्या हातात आधीच आहे. -६.०० च्या काचेचं केंद्र बाहुलीपासून ५ मिमी सरकलं की ३ प्रिझम (काच प्रकाश किती वळवते त्याचं माप) येतो, हा प्रेंटिसचा नियम पुस्तकात वाचणाऱ्याला पाठ करावा लागतो. तुम्ही तो लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) शेकडो वेळा पाहिलाय. प्लस सिलिंडरचा (एकाच दिशेतला जादा) नंबर मायनसमध्ये बदलणं, बेव्हल (फ्रेमच्या खाचेत बसणारी काचेची धार) कुठे घ्यायचा, कुठली फ्रेम जाड काच पेलणार नाही, हे सगळं काउंटरवर उपयोगी पडतं.

अडतं ते चेहऱ्यावर. लॅबमध्ये काच ट्रेमधल्या कागदाशी जुळली की काम संपतं. इथे तो कागद तुम्हालाच भरायचा असतो.

काउंटरवरच्या सुरुवातीच्या दिवसांत एक बाई नवा प्रोग्रेसिव्ह (वर लांबचा, खाली जवळचा नंबर असलेला) चष्मा परत घेऊन आल्या. लांबचं धूसर दिसतं, जिना उतरताना पायरी अंगावर येते, म्हणाल्या. मी चष्मा लेन्सोमीटरला लावला. नंबर बरोबर, ॲक्सिस (सिलिंडरची दिशा) बरोबर, फ्रेमच्या खालच्या कडेपासून बाहुलीची उंची कागदाबरहुकूम. ‘सगळं बरोबर आहे, सवय होईल,’ मी सांगितलं. शेजारच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी काचेकडे पाहिलंच नाही. त्या गिऱ्हाइकाच्या मानेकडे बघत होत्या. समोर बघताना गिऱ्हाईक बाई हनुवटी छातीकडे झुकवत होत्या, कारण जवळच्या नंबराकडे जाणारा भाग बाहुलीसमोर आला होता. सहकारी बाईंनी नोज पॅड थोडे फाकवले, फ्रेम दोनेक मिमी खाली बसली आणि मान सरळ झाली. माप घेताना फ्रेम नीट बसवलीच नव्हती, म्हणून कागदावरची उंचीच चुकीची होती. ती मीच लिहिली होती.

तेव्हापासून क्रम मोडला नाही. आधी फ्रेम चेहऱ्यावर बसवायची: पॅड, काड्यांचं कानामागचं वळण, खालच्या कडेचा गालाकडचा कल. मग आपले डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचे, उभ्याने वाकून माप नाही. पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीचं अंतर) प्रत्येक डोळ्याची वेगळी घ्यायची, नाक मधोमध असेलच असं नाही. उंची लिहिण्याआधी माणसाला उठून चार पावलं चालायला लावा. खुर्चीत ताठ बसलेल्याची मान चालताना वेगळी असते. नंबर ४ च्या वर असेल तर काच डोळ्यापासून किती अंतरावर आहे तेही बघा.

भाषेची धास्ती वाटेल. उच्चारापेक्षा प्रश्न महत्त्वाचे. ‘दिवसभर काय बघता?’ हे विचारा आणि थांबा. स्क्रीन किती लांब, वाचताना पुस्तक कुठे धरता, हे हाताने दाखवायला सांगा. हाताचं अंतर कुठल्याही भाषेत मोजता येतं. नंबर काढणं बहुतेक ठिकाणी ऑप्टोमेट्रिस्टचं काम आहे. कोणी डोळ्यात अचानक अंधारी, चमक किंवा दुखणं सांगितलं तर चष्म्याचं बोलणं थांबवून लगेच डॉक्टरकडे पाठवा.

आणि सुरुवातीला विक्रीच्या टेबलापेक्षा दुरुस्तीचं टेबल मागून घ्या. वाकलेल्या काड्या, घसरणारे चष्मे, नाकावर उठलेले वळ. दिवसाला वीस चेहरे हाताखालून जातात, आणि माणसं तिथे घाईत नसतात.