मॅकबेंच्या वाटेनं पहिली एचिंग प्लेट

जेम्स मॅकबे (१८८३–१९५९) स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनमध्ये बँकेत कारकून होते. एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रसायनानं रेघा कोरून, त्यांत शाई भरून छाप काढायची कला, ते ग्रंथालयातल्या पुस्तकावरून शिकले, आणि पहिले छाप त्यांनी कपडे पिळायच्या दोन रुळांच्या यंत्रातून काढले. १९१०मध्ये नोकरी सोडली, १९१७मध्ये इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर अधिकृत युद्धचित्रकार म्हणून गेले. पुढं त्यांच्याकडं खरा प्रेस आला, पण पिळणीवरची सुरुवात आजही जमते. अट एकच: प्लेट पिळणीला झेपेल अशी बनवायची.

तांब्याचा पत्रा १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा घ्या, १० × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. लाकडी रूळ मधोमध किंचित वाकतात, त्यामुळं रुंद प्लेटच्या मध्यभागी छाप फिकट येतो. चारही कडा कानशीनं तिरक्या घासा, नाहीतर त्या कागद आणि नमदा दोन्ही कापतील. मग खडूची पूड आणि थोडा अमोनिया लावून पत्रा चोळा. धुतल्यावर पाणी सलग पसरलं पाहिजे. थेंब गोळा होत असतील तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा चोळा. यापुढं पत्रा फक्त कडांनी धरायचा.

ग्राउंडसाठी, म्हणजे रसायनापासून पत्रा वाचवणाऱ्या मेणाच्या थरासाठी, मधमाशांचं मेण २ भाग, बिट्युमेन (डांबर) २ भाग, राळ १ भाग. पत्रा इतकाच तापवा की या मिश्रणाची गोळी टेकवताच वितळेल. धूर निघाला तर ग्राउंड करपलं समजा. ते ठिसूळ होतं आणि सुईखाली टवके उडतात. रोलरनं पातळ पसरा, रंग सोनेरी तपकिरी दिसायला हवा.

चित्र उलटं काढायचं, म्हणजे छाप सुलटा येतो. सुईनं मेण तेवढं बाजूला सारायचं, तांबं खरवडायचं नाही. दाट जाळी टाळा: कमी दाबात जवळजवळच्या बारीक रेघा नीट उठत नाहीत. मॅकबेंचं पहाटेच्या उंटस्वारांच्या गस्तीचं एचिंग बघा. रेघा मोजक्या, वाळूचा मोठा भाग मोकळा, तरी रखरखाट जाणवतो.

पाठीमागे वार्निश लावून पत्रा ४२ बोमे (द्रावणाच्या घनतेचं माप) फेरिक क्लोराइडमध्ये सोडा; उघड्या रेघांतलं तांबं ते खातं. तोंड खाली ठेवा, कोपऱ्यांखाली छोटे आधार द्या. तोंड वर असेल तर रेघेत गाळ साचतो आणि खोली असमान होते. दूरच्या रेघांना साधारण १० मिनिटं द्या, मग पत्रा काढून धुवा, वाळवा आणि त्या रेघा वार्निशनं झाका. मधल्यांना एकूण २५, गडद रेघांना ४५ ते ६० मिनिटं. थंडीत वेळ वाढतो, म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी घ्याच. कोऱ्या जागी ठिपके उठले तर ग्राउंड पातळ होतं किंवा धूळ बसली होती; उथळ ठिपके बर्निशरनं (गुळगुळीत पोलादी हत्यारानं) दाबून टाकता येतात. हातमोजे आणि चष्मा हवाच. नायट्रिक आम्लाच्या वाटेला नवशिक्यानं जाऊ नये, त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

ग्राउंड टर्पेंटाइननं पुसा. पत्रा हाताला कोमट लागेल इतका गरम करून शाई कार्डाच्या तुकड्यानं रेघांत भरा. टार्लेटनच्या (कडक, विरळ विणीच्या सुती कापडाच्या) बोळ्यानं गोलाकार पुसा, शेवटी तळव्यानं. कापड रेघेत शिरलं तर शाई उपसून निघते, म्हणून बोळा घट्ट आणि सपाट हवा.

कागद जाड, सुती हवा. मॅकबे जुने हातकागद हौसेनं जमवत, त्याला कारण होतं: मऊ तंतू रेघेत खोल उतरतात. कागद अर्धा तास भिजवा, मग टिपकागदात दाबा, वरची चकाकी जाईपर्यंत. पाणी राहिलं तर कागद शाई धरत नाही, डाग पडतात.

खाली सपाट पाटी, त्यावर प्लेट, कागद, टिपकागद, नमदा असा थर लावून पिळणीतून एका दमात फिरवा. मध्ये थांबलात तर तिथं आडवा पट्टा उमटतो. मधला भाग फिकट आला, तर प्लेटखाली मधोमध पातळ कागदाचे एक-दोन तुकडे घाला. रुळांचे स्क्रू आवळत बसण्यापेक्षा हे बरं. पहिला छाप बहुधा फिकटच येतो, दुसरा-तिसरा पाहून मगच प्लेटला दोष द्या.

वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेलं तांबं असतं. बंद डब्यात भरून घातक कचरा म्हणूनच द्या.