बातमीतला ‘विद्यार्थी’ कसा मोजायचा

‘माध्यमे आणि युवक’ एवढा मोठा विषय घेतला की प्रकल्पाचा निबंध होतो. एकच घटना घ्या. पुण्यातलं ऑगस्ट २०२४चं एमपीएससी आंदोलन यासाठी चांगलं आहे. राज्यसेवा पूर्व आणि आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा २५ ऑगस्टला एकाच दिवशी आली, कृषी सेवेच्या २५८ जागा राज्यसेवेच्या त्याच परीक्षेत घ्याव्यात ही मागणीही होती. मुलं शास्त्री रस्त्यावर बसली आणि २२ तारखेला आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. सुरुवात आणि शेवट दोन्ही स्पष्ट असल्याने मोजणी सोपी जाते.

तीन दैनिकांच्या पुणे आवृत्तीचे १९ ते २६ ऑगस्टचे ई-पेपर घ्या. संकेतस्थळावरच्या बातम्या यात मिसळू नका. तिथे मथळा दिवसभरात बदलतो आणि पान क्रमांक नसतो.

प्रत्येक बातमीला तक्त्यात एक ओळ. रकाने असे: तारीख, पान, मुलांसाठी मथळ्यात वापरलेला शब्द (विद्यार्थी, उमेदवार, आंदोलक, जमाव, तरुणाई), पहिलं अवतरण कोणाचं, मुलांच्या तोंडची वाक्यं किती, नेत्यांच्या तोंडची किती, छायाचित्रात ओळखू येणारा चेहरा आहे की नुसती गर्दी. मुली छायाचित्रात दिसतात पण बोलतात का, हेही वेगळं नोंदवा.

सगळ्यात जास्त वेळ क्रियापदाला द्या. ‘विद्यार्थ्यांनी रस्ता अडवला’ आणि ‘विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं’ ही एकाच रात्रीची दोन वर्णनं. पहिल्यात मुलं कर्ती आहेत आणि दोषीही. दुसऱ्यात दोष दुसऱ्या कुणाकडे जातो, पण मुलं बिचारी होतात. विशेषणांच्या मागे धावणाऱ्यांच्या हाती हे लागत नाही.

‘सूर सकारात्मक की नकारात्मक’ असा रकाना मात्र ठेवू नका. तिथे वाचणाऱ्याचं मत भरलं जातं. बाकी रकान्यांसाठी दोघांनी त्याच २० बातम्या स्वतंत्रपणे भराव्यात. एखाद्या रकान्यात १६पेक्षा कमी ठिकाणी एकमत झालं, तर त्याची व्याख्या नव्याने लिहा आणि त्या बातम्या पुन्हा भरा.

दोन चुका हमखास होतात. एकाच वृत्तसंस्थेची बातमी तिन्ही दैनिकांत आली की ती तीन वेगळे दृष्टिकोन म्हणून मोजली जाते. अशा ओळींवर खूण करा. दुसरी चूक पानाची. २० ऑगस्टला बदलापुरात रेल रोको झाला, त्यामुळे २१च्या पहिल्या पानावर जागेची ओढाताण असणारच. बातमी आत गेली म्हणजे तरुणांची उपेक्षा झाली, हा निष्कर्ष त्या दिवसापुरता टिकत नाही.

सामूहिक ओळखीसाठी दुसरा तक्ता लागतो. छायाचित्रांतल्या फलकांवर मुलं स्वतःला काय म्हणवतात ते उतरवा, आणि त्याच आठवड्यातल्या क्लासेसच्या जाहिराती त्यांना काय म्हणतात तेही. ‘भावी अधिकारी’ हा शब्द कोणत्या रकान्यात जास्त भरतो ते पाहा. मुलांच्या स्वतःच्या फलकांवरही तो असेल, तर त्या ओळी वेगळ्या रंगाने खुणावून ठेवा; अहवालाचं मुख्य प्रकरण त्यांच्यावरच लिहा.