लॉ कॉलेज निवडताय? आधी जर्नल मागून बघा

सीईटीचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न येतो. "मॅडम, ऑप्शन फॉर्मात पहिलं कॉलेज कुठलं टाकू?" मी नाव सांगत नाही. कॉलेजात जाऊन काय बघायचं, ते सांगते.

त्याआधी घरबसल्या एक काम उरका. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, ते तपासा. मान्यतेत घोळ असला की पुढं सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, अडकते. फी आणि महाडीबीटीची स्कॉलरशिप याची चौकशी ऑफिसात करा, ते लोक नीट सांगतात.

माहितीपुस्तिकेतला अभ्यासक्रम वाचत बसू नका. एकाच विद्यापीठाखाली असलेल्या कॉलेजांचा अभ्यासक्रम सारखाच असतो. खरा फरक दिसतो तो मूट कोर्ट (सरावासाठी चालवलेला लुटुपुटूचा खटला) आणि इंटर्नशिपच्या पेपरात. नियमाप्रमाणं त्यात तीन मूट, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघणं, वकिलाकडं बसून पक्षकारांशी होणारं बोलणं ऐकणं, आणि या सगळ्याची नोंद असते. ती नोंद म्हणजे जर्नल. शेवटच्या वर्षाच्या दोघातिघांची जर्नलं मागा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा.

"साक्ष झाली, उलटतपास झाला, पुढील तारीख दिली." तिघांच्याही जर्नलात हेच असेल तर समजा, एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. माझ्याकडं सध्या ज्युनिअर असलेल्या पोरीच्या जर्नलात वेगळं होतं. पंचानं पंचनाम्यावरची सही आपली असल्याचं कबूल केलं, पण मजकूर आपल्यासमोर लिहिलाच नाही म्हणाला. मग सरकारी वकिलांनी त्याला फितूर ठरवून उलटतपासाची परवानगी मागितली. खाली तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास कसा?" ही पोरगी कोर्ट हॉलमध्ये बसली होती, हे वाचताक्षणी कळतं. असा प्रश्न पडलेल्या मुलाला उत्तर द्यायला कुणी सर आहेत का, तेवढं तिथं विचारून घ्या.

कोल्हापुरात आता कोर्ट लांब असल्याची सबब चालत नाही. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, इथंच बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं इथं चालतात. (आम्ही एकेका तारखेसाठी मुंबईला जायला रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचो. तुमचं नशीब चांगलं आहे.) दोन्ही कोर्टं इथंच असल्यामुळं भाषेचा प्रश्न मात्र ऐरणीवर आलाय. खालच्या कोर्टात दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), साक्ष सगळं मराठीत चालतं. वर उच्च न्यायालयात इंग्रजीशिवाय पान हलत नाही. ड्राफ्टिंगच्या तासाला दोन्ही भाषांत लिहून घेतात का, आणि लिहिलेलं लाल शाईनं दुरुस्त होऊन परत मिळतं का, हे मुलांनाच विचारा. नुसती छापील नमुन्यांची झेरॉक्स वाटत असतील तर ते कॉलेज यादीत खाली ढकला.

लायब्ररीत पुस्तकं किती, हे विचारू नका. भारतीय न्याय संहितेची भाष्यासहित प्रत मागा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत, पण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंडविधानाखालीच चालू आहेत, म्हणून दोन्ही पुस्तकं कपाटात हवीत. निकाल शोधायचं ऑनलाइन लॉगिन मुलांना मिळतं, की ते फक्त ग्रंथपालांच्या कॉम्प्युटरवर असतं, तेही बघा.

जुनं कॉलेज चांगलंच असतं असं नाही, पण त्याचा एक फायदा आहे. शहाजी लॉ कॉलेज 1933 सालचं. अशा कॉलेजची माणसं कोर्टातल्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, जागोजागी भेटतात आणि सीनिअर मिळवणं सोपं जातं. नवं कॉलेज घेणार असाल तर तिथून सनद घेऊन बाहेर पडलेली पहिली बॅच आज कुठं बसते, ते शोधा.

जायचं ते कामकाजाच्या दिवशी, अकराच्या सुमारास. कॅम्पस दाखवायला सर सोबत आले तर त्यांना नमस्कार करून मोकळं करा. मुलं त्यांच्यासमोर बोलत नाहीत.