प्लेमेकर निवडताना आणि घडवताना या चुका टाळा

रग्बीत दर सीझनला तेच. टीमचा अटॅक अडकतो, मग सगळे म्हणायला लागतात "आपल्याला प्लेमेकर पाहिजे", मग घाईघाईत कुठूनतरी एक पोरगा आणला जातो, चार मॅचमध्ये त्याच्या नावाने बोटं मोडून होतात आणि पुढच्या सीझनला परत नवा पोरगा. मी प्रोफेशनल टीमांबरोबर बॅकलाइनचं (मागे पास करत पळणाऱ्या खेळाडूंचं) कोचिंग आणि व्हिडिओचं काम बरीच वर्षं केलंय आणि त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून लिहितोय. बोलतोय ते १५ जणांच्या रग्बी युनियनबद्दल, म्हणजे प्लेमेकर (अटॅक चालवणारा) म्हटलं की मुख्यतः दहा नंबर, फ्लायहाफ. रग्बी लीगमध्ये हेच काम सहा आणि सात नंबर वाटून घेतात, पण चुका तिथेही ह्याच होतात.

क्लिपा बघून पोरगा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त लिहिणार.

तीन मिनिटांच्या क्लिपमध्ये काय असतं? लांब पास, डिफेन्सच्या डोक्यावरून चिप (छोटी उंच किक), एखादी मोकळी धाव. पण दहा नंबरचे मॅचमधले बहुतेक निर्णय कंटाळवाणे असतात. फॉरवर्डच्या पॉडला (जवळ उभ्या धिप्पाड खेळाडूंच्या घोळक्याला) छोटा पास, कोपऱ्यात किक, नाहीतर काही न करता बॉल पुढच्याच्या हातात. हे कंटाळवाणे निर्णय ८० मिनिटं बरोबर येणं हेच तर त्याचं काम आहे, आणि ते क्लिपमध्ये कोणी टाकत नाही.

आम्ही एकदा असाच २२ वर्षांचा पोरगा घेतला. क्लिपा बघून अख्खी मीटिंग खूश, मीसुद्धा. पहिल्या दोन मॅच बरा खेळला, कारण समोरच्या टीमा ड्रिफ्ट डिफेन्स करत होत्या, म्हणजे बाजूला सरकत सरकत त्याला वेळ देत होत्या. तिसऱ्या मॅचला समोर ब्लिट्झ, म्हणजे डिफेन्स एकदम वर धावून येणारा. त्यांचा तेरा नंबर (बाहेरचा सेंटर) बाहेरून आत असा सुसाट वर यायचा. आमच्या पोराने पहिला लांब पास टाकला तो तेराच्या हाताला लागून खाली पडला. दहा मिनिटांनी परत तोच पास, या वेळी थेट त्याच्या हातात, आणि तो अर्धं मैदान पळून पोस्टच्या मधोमध ट्राय करून आला. आता तरी हा बदलेल असं वाटलं, पण दुसऱ्या हाफला पुन्हा तोच पास आणि पुन्हा तोच तेरा. समोरचा सगळा डिफेन्स वर आलेला, मागे फुलबॅक एकटा, म्हणजे एक साधी ग्रबर (जमिनीलगतची किक) मारली असती तरी सगळे उलटे पळाले असते, पण पोराला मागची रिकामी जागा दिसतच नव्हती.

त्या रात्री मी त्याच्या जुन्या टीमच्या पूर्ण मॅच बघायला बसलो, जे काम सही व्हायच्या आधी करायला हवं होतं. बघितलं तर तिथले फॉरवर्ड एवढे दणकट की रकमधून (टॅकलनंतर बॉलवर जमलेल्या गर्दीतून) बॉल तीन सेकंदांच्या आत बाहेर, समोरचा डिफेन्स कायम मागे सरकताना. बहुतेक किक नऊ नंबर (रकमधून बॉल काढणारा स्क्रमहाफ) मारायचा. कुठे जागा आहे हे फुलबॅक मागून ओरडून सांगायचा. आणि आमचा पोरगा बॉल हातात आल्यावर मग मान वर करायचा, कारण तिथे तेवढा वेळ मिळत होता. बॉल यायच्या आधी बघायची सवयच नव्हती, कधी गरजच पडली नव्हती. चूक त्याची नव्हती, त्याला असं निवडणाऱ्या आम्हा सगळ्यांची होती, आणि भोगलं मात्र त्याने एकट्याने. हे मला आजही लागतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. खेळाडूच्या कमीत कमी पाच पूर्ण मॅच बघायच्या, त्यातल्या तीन हरलेल्या आणि एक तरी पावसातली. आवाज बंद, कारण कॉमेंटेटर आपलं मत घडवतो. आणि बॉलकडे बघायचंच नाही, फक्त त्याच्याकडे. रक चालू असताना मान फिरते का, मागे विंगर कुठे उभे आहेत ते बघतो का, हाताने कोणाला सरकवतो का, चूक झाल्यावर पुढच्या दोन फेजमध्ये (एका रकपासून पुढच्या रकपर्यंतचा खेळ म्हणजे फेज) बॉल मागतो की लपतो. हे शेवटचं मी वेगळ्या कागदावर लिहितो. मैदानाच्या सगळ्या बाजू दिसतील असा वाइड अँगल व्हिडिओ मिळत नसेल तर मी मतच देत नाही, मग एजंट कितीही फोन करू दे.

भेटायला आला की त्याचीच मॅच लावतो, बॉल त्याच्या हातात यायच्या अर्धा सेकंद आधी थांबवतो, स्क्रीन झाकतो आणि विचारतो, त्यांचा फुलबॅक कुठे होता? डाव्या बाजूला आपले किती, त्यांचे किती? ज्याला आठवतं त्याने बघितलेलं असतं. याला शास्त्रीय पद्धत वगैरे म्हणणार नाही, पण माझा विश्वास धावायच्या टेस्टपेक्षा यावर जास्त.

गोल किकर म्हणजे प्लेमेकर नव्हे

टी (बॉल उभा ठेवायचं छोटं स्टँड) वरून बॉल पोस्टमध्ये घालणं हे एक काम, अटॅक चालवणं हे दुसरं. दोन्ही एकाच माणसात मिळालं तर सोनंच, पण निवडताना मार्क वेगळे द्या. २०२३ च्या वर्ल्डकपमध्ये दक्षिण आफ्रिकेकडे दहाला मानी लिबॉक होता, हात आणि डोळे अप्रतिम, पण टी वरून डळमळीत. आयर्लंडविरुद्ध ते १३-८ ने हरले त्या मॅचला लिबॉक आणि स्क्रमहाफ डी क्लर्क दोघांच्या किक हुकल्या होत्या. त्यांचा दुसरा दहा नंबर हँड्रे पोलार्ड तर सुरुवातीच्या स्क्वाडमध्येही नव्हता, हुकर माल्कम मार्क्स जखमी झाला म्हणून त्याच्या जागी आला. मग सेमीफायनलला इंग्लंडविरुद्ध पावसात लिबॉकला पहिल्याच हाफमध्ये बाहेर घेऊन पोलार्डला आणलं, त्याने शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारून १६-१५ केलं, आणि फायनलला न्यूझीलंडविरुद्ध १२-११ मधले सगळे १२ त्याचे. पण म्हणून लिबॉक वाईट प्लेमेकर ठरत नाही. दोन वेगळी कामं होती आणि त्यांच्याकडे दोन्हीसाठी माणसं होती. तुमच्या टीममध्ये बारा नंबर (दहाच्या बाजूचा सेंटर) किंवा फुलबॅक चांगली किक मारत असेल तर त्याला मारू द्या ना, दहा नंबरच्या डोक्यावरचं एक ओझं कमी.

दोन प्लेमेकर लावले की झालं, हा शॉर्टकट

एक जमत नाही म्हणून दोन लावायचे, हा सध्याचा आवडता उपाय. २०१९ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला दोन्ही टीमांकडे दोन-दोन होते, इंग्लंडकडे दहाला फोर्ड आणि बाराला फॅरेल, न्यूझीलंडकडे दहाला मोउंगा आणि पंधराला बोडन बॅरेट. इंग्लंड १९-७ ने जिंकलं आणि लगेच सगळ्यांना वाटलं हेच गुपित. पुढच्याच आठवड्यात फायनलला तेच फोर्ड, तेच फॅरेल, पण इंग्लंडचा स्क्रम (फॉरवर्डची एकमेकांना ढकलायची झुंज) मोडला आणि दक्षिण आफ्रिका ३२-१२ ने जिंकली. पुढे बॉलच नीट मिळत नसेल तर मागे दोन लावा नाहीतर चार लावा. शिवाय दोघांत शेवटचा शब्द कोणाचा हे ठरवलेलं नसेल तर दोघं दोन वेगळे कॉल देतात आणि मधला विंगर उभा राहतो. फोर्ड आणि फॅरेल तर शाळकरी वयापासून एकमेकांना ओळखत होते, ते काही एका प्री-सीझनमध्ये होत नाही. उतावळ्या कोचेसना हे सांगून सांगून मी थकलोय.

बाहेरून रिमोट चालवणं

प्रत्येक ब्रेकला पाणी घेऊन जाणाऱ्याच्या तोंडून निरोप, "आता कोपऱ्यात मार", "आता वाइड जा". आता नियमानेच हेड कोचला पाणी घेऊन मैदानात जाता येत नाही आणि पाणीवाल्यांच्या फेऱ्याही मोजून ठेवल्यात, हे फार बरं झालं. ज्याला सगळं बाहेरून सांगितलं जातं तो बाहेर बघायला शिकतो, समोर बघायला नाही. मी आठवड्याभरात काय ते बोलून घेतो, मॅचला माझ्याकडून एकच निरोप, तोही हाफटाइमला.

एका वाईट मॅचनंतर बसवणं

ही दुसरी चूक, जिच्यामुळे माझी झोप उडालेली आहे. आमच्याच अ‍ॅकॅडमीतून आलेला एक पोरगा होता, शांत, फार बोलायचा नाही, पण मान कायम फिरती. पहिल्या चार मॅच सुंदर. पाचवी बाहेरच्या मैदानावर, वारा जोरात, त्याची पहिली किक थेट टचमध्ये (मैदानाबाहेर) गेली, दुसरी चार्जडाउन होऊन (समोरच्याने अंगावर अडवून) ट्राय बसला, आणि पन्नासाव्या मिनिटाला हेड कोचने त्याला बाहेर काढलं. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पुढच्या आठवड्यात टीम यादीत नावच नाही, आणि ते त्याला भिंतीवर लावलेल्या कागदावरून कळलं, कोणी तोंडाने सांगितलंसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी परत आला तो वेगळाच पोरगा होता. बॉल आला की बाराला पास, नाहीतर लांब किक. चूक म्हणून एकही नाही, स्टॅटिस्टिक्स एकदम स्वच्छ, आणि हेड कोच खूश की "आता मॅच्युअर झाला". मी व्हिडिओ बघत होतो आणि मला रडू यायचं बाकी होतं, कारण मोकळी जागा त्याला दिसत होती, मान तिकडे वळत होती, पण हात तिकडे जात नव्हते. ते परत यायला दीड सीझन लागला, दुसऱ्या क्लबात, दुसऱ्या कोचकडे.

आता इतिहास बघा. जॉनी विल्किन्सनची इंग्लंडसाठी दहाला पहिली स्टार्ट १९९८ साली ब्रिस्बेनला, वय १९, स्कोअर ऑस्ट्रेलिया ७६ इंग्लंड ०. त्याच्यानंतर त्याला कायमचं बसवलं असतं तर? पुढच्या वर्षी त्याला बाराला खेळवलं, बाजूला अनुभवी दहा ठेवून. आणि २००३ च्या वर्ल्डकप फायनलला एक्स्ट्रा टाइमच्या शेवटच्या मिनिटात, डावखुऱ्या पायाचा असून, उजव्या पायाने ड्रॉप गोल (बॉल टाकून टप्प्यावर पोस्टमध्ये मारलेली किक) मारून २०-१७ केलं तो हाच. डॅन कार्टरसुद्धा ऑल ब्लॅक्ससाठी (न्यूझीलंडसाठी) आधी बाराला खेळला, मग दहाला आला, आणि पुढे ११२ टेस्टमध्ये १५९८ पॉइंट्स. बारा नंबर ही शिकायला फार चांगली जागा आहे, दहाच्या डोळ्यांनी सगळं दिसतं पण पहिला घाव अंगावर येत नाही.

मी आता सीझनच्या आधी नव्या पोराला बसवून सांगतो, आणि हेड कोचलाही त्याच खोलीत बसवून सांगतो: सलग सहा मॅच तुझ्या. कितीही हरलो तरी तुझ्या. फक्त दुखापत झाली तर बाहेर. याला तयार नसलेल्या हेड कोचबरोबर मी तरुण दहा नंबरचं काम हातात घेत नाही. मॅचचा रिव्ह्यू सोमवारी नाही, मंगळवारी, कारण सोमवारी पोरगा अजून त्या मॅचमध्येच असतो. आणि पहिला तो बोलतो. "मला काय दिसलं, मी काय केलं", एवढं तीन प्रसंगांबद्दल. दिसलं बरोबर आणि हात चुकला तर ती माझ्यासाठी चूकच नाही, ती प्रॅक्टिसने जाते. दिसलंच नाही तर मग आम्ही बसतो.

पोरांनाही एक सांगायचंय. पी हळद अन् हो गोरी असं या जागेवर होत नाही. जॉनी सेक्स्टन आयर्लंडच्या लेन्स्टर टीममध्ये अर्जेंटिनाच्या कॉन्टेपोमीच्या मागे बेंचवर बसून होता. २००९ च्या हायनेकेन कप (युरोपातली क्लब स्पर्धा) सेमीफायनलला डब्लिनच्या क्रोक पार्कवर कॉन्टेपोमी जखमी झाला आणि सेक्स्टन थंड अंगाने आत येऊन पहिलीच पेनल्टी मारून मोकळा झाला, वय २३. बेंचवर बसून त्याने काय बघितलं असेल याचा विचार करा. वर्षभरात स्टार्ट मिळाली नाही म्हणून एजंट बदलणारी पोरं बघितली की जीव तुटतो.

बाकीच्या, थोडक्यात

प्रॅक्टिसच्या प्लास्टिक कोनांसमोर पास करून घेणं. कोन पुढे येत नाही. माझ्या प्रत्येक ड्रिलमध्ये समोर जिवंत डिफेन्डर असतो आणि ती ड्रिल फिटनेसच्या नंतर असते, आधी नाही, कारण ७० व्या मिनिटाचा निर्णय ताज्या पायांवर शिकता येत नाही.

दर आठवड्याला नऊ नंबर बदलणं. नऊ-दहाची जोडी फोडू नका, एवढंच.

दहाला डिफेन्समध्ये लपवणं. थोडं लपवा, पण टॅकलचं टेक्निक शिकवाच, नाहीतर समोरचा प्रत्येक धिप्पाड आठ नंबर त्याच्याच अंगावर येणार. आणि डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली तरी बाहेर, तिथे मॅच किती महत्त्वाची वगैरे चर्चाच नको.

फक्त पायाची ताकद बघून घेणं. ५०:२२ चा नियम आल्यापासून हे वाढलंय. आपल्या हाफमधून मारलेला बॉल टप्पा खाऊन त्यांच्या २२ मीटरच्या रेषेच्या आत टचमध्ये गेला की लाइनआउट (बाहेरून बॉल आत टाकायची पाळी) आपली, म्हणून सगळ्यांना लांब किक हवी. पण ती किक त्यांचा विंगर वर आलाय हे दिसल्यावरच लागते.

एकच दहा नंबर तयार ठेवणं. २०११ ला न्यूझीलंडमध्ये वर्ल्डकप, कार्टर किकिंग प्रॅक्टिसमध्ये मांडीच्या सांध्यात जखमी, मग क्वार्टरफायनलला कॉलिन स्लेड, मग फायनलच्या पहिल्या हाफमध्ये एरन क्रुडन. चौथा स्टीफन डोनाल्ड, जो बोलावणं आलं तेव्हा मासे पकडायला गेला होता, तो आत आला आणि त्याच्या पेनल्टीवर फ्रान्सविरुद्ध ८-७. त्यांच्याकडे चौथा होता. माझ्याकडे दर गुरुवारी तिसऱ्या दहा नंबरला पहिल्या टीमचा अटॅक २० मिनिटं चालवायला मिळतो, कॉल सगळे त्याचे. सिनिअर कुरकुर करतात की लय तुटते. मी ती २० मिनिटं आजवर एकदाही कमी केलेली नाहीत.