मॅकबेथ पहिल्यांदा वाचताय? मग पेन्सिल घेऊन बसा

शेक्सपियर म्हटलं की अर्धे लोक तिथूनच पळ काढतात, पण मॅकबेथ ही त्याची सगळ्यात छोटी शोकांतिका आहे, रविवारी दुपारी जेवून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत उरकते. इंग्लिश जड जात असेल तर आधी गोष्ट वाचून घ्या बिनधास्त, नाहीतर शिरवाडकरांचं राजमुकुट शोधा, ते यावरूनच घेतलंय. कोण कोणाला मारतो हे आधी कळल्याने काही बिघडत नाही इथे.

आता काम एकच करायचं. चेटकिणी खरंच काय बोलल्या त्याखाली रेघ मारायची, आणि मॅकबेथने स्वतःच्या डोक्याने काय जोडलं तिथे फुली.

सुरुवात पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशापासून. तिघी चेटकिणी मॅकबेथला म्हणतात, ग्लॅमिसचा सरदार, कॉडॉरचा सरदार, पुढे राजा होशील. बास. डंकन राजाचं नावसुद्धा कोणी काढत नाही. आणि कॉडॉरची जहागीर त्याला द्यायचा हुकूम राजाने आदल्याच प्रवेशात सोडलेला असतो, आपल्याला ते माहीत असतं, फक्त मॅकबेथला नसतं, म्हणून तो एवढा हादरतो. खुनाचा विचार त्याच्या मनात लगेच तिथेच येतो, कोणी न सांगता. पहिली फुली इथे.

मॅकबेथचा सोबती सरदार बँको तिथेच उभा असतो हे विसरू नका. त्यालाही सांगितलंय की तुझे वंशज राजे होतील, पण तो उलट सावध करतो की हे अंधाराचे हस्तक छोटं छोटं खरं सांगून मोठ्या गोष्टीत फसवतात. भाकीत दोघांनी ऐकलं, सुरा एकानेच उचलला, त्यामुळे "नशिबातच होतं बिचाऱ्याच्या" हे मला तरी पटत नाही.

मग सातवा प्रवेश, हा दोनदा वाचा. राजा नातेवाईक, घरी आलेला पाहुणा, वर चांगला माणूस, मारू नये याची सगळी कारणं मॅकबेथ स्वतःच मोजतो आणि मारायच्या बाजूला फक्त महत्त्वाकांक्षा उरते असं कबूलही करतो. तेवढ्यात बायको येते आणि काही मिनिटांत हा पुन्हा तयार! सगळं खापर तिच्यावर फोडायच्या आधी तिसरा अंक बघा, बँकोला मारायचं ठरवताना तो तिला विचारतसुद्धा नाही. आणि गंमत अशी की स्वतःबद्दलचं भाकीत खरं धरून बसलाय आणि बँकोबद्दलचं मात्र मारेकरी लावून खोटं पाडायला निघालाय.

दुसऱ्या अंकातला दारवान गाळू नका, खुनानंतर लगेच तो दारुडा विनोद अंगावर येतो. तिसऱ्या अंकातला हेकटीचा, म्हणजे चेटकिणींच्या देवीचा प्रवेश भरभर वाचला तरी चालेल, तो मागाहून दुसऱ्याने घातला असं बरेच अभ्यासक मानतात.

चौथ्या अंकात मॅकबेथ पुन्हा चेटकिणींकडे जातो, तिथे पहिलीच सूचना असते की मॅकडफ या सरदारापासून जप. नंतरच्या दोन गोड लागतात, बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारू शकत नाही आणि बर्नमचं जंगल चालून येईपर्यंत तू हरत नाहीस. मॅकडफच्या बायकापोरांना मारा असं कोणीच म्हणत नाही, तरी तो मारतो, आणि आता बायकोने भरीला घातलं म्हणायचीही सोय नाही.

इतिहास म्हणून मात्र वाचू नका हं. खऱ्या मॅकबेथने १०४० ते १०५७ असं स्कॉटलंडवर चांगलं सतरा वर्षं राज्य केलं, आणि डंकन झोपेत नाही, लढाईत मेला. शेक्सपियरने ज्या बखरीतून गोष्ट उचलली तिथे बँको कटात सामील आहे, पण १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा स्वतःला बँकोचा वंशज मानायचा, मग नाटकात बँको एवढा स्वच्छ का ते समजून घ्या.

यावरूनच घेतलेला मकबूल हा हिंदी सिनेमा पाहायचा असेल तर नाटकानंतरच. तिथे चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस आहेत, आणि ते नुसतं भविष्य सांगून गप्प बसत नाहीत, मधेमधे हातही घालतात, त्यामुळे सिनेमा आधी पाहिलात तर चेटकिणींवर भलताच आळ घ्याल.