रेणुसूत्रं नव्हे, संयुजा पाठ करा
रेणुसूत्रांची (H₂O सारख्या, कोणते अणू किती हे सांगणाऱ्या सूत्रांची) यादी घोकली तर दोन दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतं. त्यापेक्षा पंधरा-वीस मूलद्रव्यांच्या आणि मूलकांच्या (हायड्रॉक्साइड, OH, सारख्या एकत्रच वावरणाऱ्या अणुगटांच्या) संयुजा, म्हणजे दुसऱ्यांशी बंध जोडण्याच्या क्षमतेचे आकडे, पक्क्या करा. ॲल्युमिनिअमची ३, ऑक्सिजनची २. आकड्यांची तिरकी अदलाबदल केली की ॲल्युमिनिअमचे २ अणू, ऑक्सिजनचे ३. झालं ॲल्युमिनिअम ऑक्साइड. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे २ येतात, तिथे भाग देऊन १-१ करायचं (हे विसरून मी बरेच गुण घालवलेत). कंस मूलक एकापेक्षा जास्त वेळा आलं तरच: कॅल्शिअम हायड्रॉक्साइडला हवा, सोडिअम हायड्रॉक्साइडला नको. लोहाच्या संयुजा दोन, म्हणून आधी नाव बघा: फेरस असेल तर २, फेरिक असेल तर ३. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे हट्टी अपवाद तेवढे सरळ घोका.